मी न टिपलेलं खळं

मी अमावास्येला दाढी करणारा माणूस आहे. मांजर आडवं गेलं तर थांबून मांजराचीच विचारपूस करतो. भोरला आमच्या आळीत कुणाच्या अंगात आलं, की आधी मला बाहेर काढत. हा फिदीफिदी हसतो आणि देव निघून जातो, अशी तक्रार होती. तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारा सरकला’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी स्वतःही बरीच वर्षं तेच म्हणून बघितलं. पण त्या दुपारी त्या खोलीत आम्ही चौदा माणसं होतो... आणि चौदा जण एकदम, एकाच बाजूला सरकत नाहीत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, आणि भोरला आबामामांकडे ‘तात्पुरता’ राहायला आलेला. या तात्पुरत्याला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. मामा वकील. त्यांना दोन नाद — जी केस कुणी घेणार नाही ती घ्यायची, आणि फिल्म काढायची. पुण्याच्या एका स्नेह्याकडून त्यांनी चावीचा छोटा कॅमेरा मिळवला होता. घड्याळासारखी चावी द्यायची, बटण दाबायचं, घर्रर्र करत फिल्म पुढे सरकायची. आवाज-बिवाज नाही, नुसतं चित्र. आज ज्याला डॉक्युमेंटरी म्हणतात तसलं काहीतरी मामांच्या डोक्यात होतं... राजेमहाराजे आणि पऱ्या सोडून खऱ्या माणसांचं चित्र.

ती खरी माणसं एके दिवशी आपल्या पायांनी घाट चढून आली. खाली कोकणात, महाडच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे कोळ्यांचा एक वाडा होता. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. तिथल्या कोळणी सुकी मासळी घेऊन वरंध्याचा घाट चढत, हिर्डोशीला मुक्काम करत आणि भोरच्या बाजाराला येत. त्यांतली भागाबाई मामांच्या ओट्यावर येऊन बसली. पन्नाशीची, केस पांढरेफेक, आवाज असा की समोरच्या दुकानदाराने वजन करायचं थांबवावं. बरोबर तिचा दीर धर्मा.

तक्रार सरळ होती. गावापुढच्या किनाऱ्यावर मुंबईचा एक ठेकेदार तारेचं कुंपण घालत होता. त्याला तिथे धक्का बांधायचा होता, गोदाम उभं करायचं होतं. कोळी म्हणत, ते आमचं वाडवडिलांपासूनचं खळं आहे. ठेकेदार म्हणे, ती नुसती पडीक वाळू आहे, खळं-बिळं काही नाही.

“कागद आहे का काही?” मामांनी विचारलं.

“कागद हाय ना,” भागाबाई म्हणाली, “त्यान बोंबील गुंडालतो.”

खूप घासाघीस होऊन दोन्ही बाजूंनी एक लवाद मान्य केला. भोरमध्येच राहणारे एक निवृत्त मुन्सफसाहेब. माणूस करडा पण सरळ. सगळी नोकरी घाटावर केलेली, समुद्र फक्त नकाशात पाहिलेला. गुडघे गेलेले, त्यामुळे खाली उतरून जागा बघणं होत नव्हतं. त्यांनी दोन्हीकडची कैफियत वाचली आणि पहिल्याच बैठकीत कपाळाला आठी घातली. म्हणाले, “वाळूत खळं? भरतीच्या तोंडावर? तिथे कोण मळणी करील हो? खळं गावाच्या वरच्या अंगाला शेतात आहे, असं ठेकेदाराच्या नकाशात स्पष्ट आहे. तुमच्या अशिलांचं काहीतरी चुकतंय, वकीलसाहेब.”

तेव्हा मामांना फिल्म सुचली. मुन्सफ खाली जाऊ शकत नाहीत, तर किनाराच वर आणायचा.

“कागद खोटं बोलतो, वकीलही बोलतो,” मामा मला म्हणाले, “कॅमेऱ्याला ती सोय नाही. तू एकच कर. खाली जा, कोळ्यांचं खळं घे, वर ये. एकच रीळ मिळालीय. शंभर फूट, जेमतेम चार मिनिटं. माणसं कामात असताना घे. कॅमेऱ्याकडे बघून दात काढताना नकोत.”

“मामा, मी काय एवढा हा आहे का?”

“आहेस,” मामी आतून म्हणाली.

मी निघालो. महाडपासून पुढे सगळे लाँचने जात. मी नाही. मला पाण्याची भीती वाटते. नीरेच्या डोहात कमरेच्या वर कधी गेलेलो नाही. होडीत तर आजतागायत पाय ठेवलेला नाही — हे नीट लक्षात असू द्या. मी खाडीच्या कडेकडेने दोन दिवस बैलगाडीने आणि पायी गेलो.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. भागाबाई आणि धर्मा नेमके महाडला बाजाराला गेलेले. एका घरात जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारलं, खळं कुठे? तो मान वर न करता म्हणाला, “समदी खल्यावरच हायत,” आणि हात कुठेतरी हलवला. तो हात समुद्राकडे होता, हे मला आज कळतं. पण त्या बाजूने असा काही वास येत होता... बोंबील सुकताना येतो तो. आमचं नाक भोरच्या वरण-भातावर वाढलेलं. मी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला वळलो; तंटा वाळूतल्या खळ्याचा आहे, हे त्या वासात डोक्यातून पार गेलं.

आणि काय सांगू, समोरच खळं! चांगलं सारवलेलं, गोल. कुणब्याची पाच-सहा माणसं भात झोडत होती. मार्गशीर्षाचे दिवस, उन्हात भुसा सोन्यासारखा उडतोय. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, चावी दिली, आणि शंभरच्या शंभर फूट भाताची झोडणी टिपली. सुरुवातीला बटण चालतं का बघताना चुकून माझा चपलेतला पाय आणि भोवतीचा पेंढा आला, तेवढी नासाडी सोडली तर काम फक्कड. शेवटी खटका उडाला, रीळ संपली. समुद्राचं तोंडही न बघता मी परत फिरलो.

हिर्डोशीला गंगूमावशीच्या ओटीवर मुक्काम. तिच्याकडेच भागाबाई उतरायची. सुकी मासळी देऊन नाचणी न्यायची. मी मोठ्या रुबाबात कॅमेरा मांडीवर घेऊन सांगायला लागलो — खळं कसं घेतलं, पेंढ्या कशा आपटत होते, भुसा कसा उडत होता.

मावशी भाकरी थापायची थांबली.

“पेंढ्या? कोळ्याच्या खळ्यावर?”

“मग? खळंच ते.”

“आरं माज्या बामना! त्येंचं खळं म्हंजी वाळूवरचं. बांबू उभं करत्यात, दोऱ्या बांधत्यात, त्येच्यावर बोंबील वाळत घालत्यात. त्येला त्ये खळं म्हनत्यात. भागी धा डाव बोललीया माज्याजवळ.” आणि मग तिला हसू आवरेना. “लई शाना गं बाई वकिलाचा भाचा! समिंदराला गेला आन् भात घिऊन आला!”

मी हसलो नाही. मुन्सफांची आठी डोळ्यांपुढे आली. ठेकेदाराचा नकाशा, खळं शेतात... मी त्याच्याच बाजूचा पुरावा शंभर फूट काढून आणला होता.

माणसाने अशा वेळी काय करावं? मामांना सगळं सांगावं. मी काय केलं? “झकास झालं” म्हणालो. रीळ धुवायला मुंबईला गेली आणि मी रोज मनात म्हणायचो, टपालात गहाळ होऊ दे. दुसरी रीळ मिळत नव्हती, बैठकीची तारीख ठरलेली होती. तीन आठवड्यांनी पुडकं आलं, बैठकीच्याच सकाळी. मामांनी ते फोडलंही नाही. म्हणाले, सगळ्यांबरोबरच बघू.

ही फिल्म अशी होती, की जी कॅमेऱ्यात घालायची तीच धुऊन भिंतीवर दाखवायच्या मशीनवर लावायची. मधे दुसरी प्रत नाही. हे नंतर कामाला येईल म्हणून सांगून ठेवतो.

जागा म्हणजे नदीकडच्या शाळेची माडीवरची खोली. वेळ दुपारी तीनची. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, भिंतीवर मामीचं धुऊन धुऊन पांढरं पडलेलं लुगडं ताणून बसवलं होतं. मोटारीच्या बॅटरीवर मशीनचा दिवा, आणि मशीन हाताने फिरवायचं. फिरवणारा मी. पुढे मुन्सफसाहेब, एका बाजूला ठेकेदार आणि त्याचा मुनीम, दुसऱ्या बाजूला कोळी. भागाबाई जमिनीवर बसली होती, खुर्ची नको म्हणाली. घाट चढून आल्यावर तिने पायही धुतले नव्हते.

मी दांडा फिरवायला लागलो.

पहिल्यांदा माझा पाय दिसला. चप्पल, पेंढा. मुनीम खुसकन हसला. मी डोळे मिटून घेतले... दोन-तीन क्षण. आता झोडणी दिसणार, आता मामा वळून बघणार.

मी डोळे उघडले.

लुगड्यावर समुद्र होता.

म्हणजे कसा... किनाऱ्यावरून दिसतो तसा नाही. चित्राच्या खालच्या अर्ध्यात पाणी होतं, वर-खाली होणारं. त्याच्या पलीकडे किनारा. बांबूंच्या रांगाच रांगा, त्यांवर बोंबील, बायका टोपल्या घेऊन फिरतायत, एका टोकाला वाकडा माड. आणि सगळं चित्र हळूहळू डोलत होतं. माझं तिकाटणं जमिनीत रोवलेलं होतं हो! ते डोलेल कसं? आणि किनारा मोठा होत होता. जवळ येत होता.

बायकांतली एक पाण्याच्या कडेपर्यंत आली. काळे केस, उभी अंगकाठी. तिने डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ पाहिलं. मग एकदम दोन्ही हात वर करून हलवले, लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरली — आमच्याकडे, हसत. तिचं तोंड हलत होतं, हाक मारत होती. आणि किनारा आणखी जवळ आला, आणखी... आणि भिंतीवरचं लुगडं पांढरं झालं. रीळ संपली. शेपूट मशीनवर फटफट वाजत राहिलं. मला हात थांबवायचंही सुचलं नाही.

धर्मा पहिल्यांदा बोलला. “ही वैनी हाय.”

मुन्सफांनी भागाबाईकडे पाहिलं. पांढरे केस, वाकलेली पाठ.

“तवाची हाय,” धर्मा म्हणाला. “तो वाकडा मार... तो तुफानान परला. मंग नाय लावला कुनी. त्याच तुफानान माजा भाऊस ज्येला. बारा वरसा झाली.” मग भिंतीकडे हात करून, “आनि हा किनारा पान्यानशी बगितल्याला हाय. होरी घरा येते ना, तवा असाच दिसतो.”

मुनीम उठला. “हे सरासर बनावट आहे, साहेब! बारा वर्षांपूर्वीचं चित्र गेल्या महिन्यात कसं काढलं? कुठून पैदा केलंत?”

मामा माझ्याकडे बघत होते. चेहरा नुसता फुललेला. त्यांना वाटलं, भाच्याने कमाल केली. कुठून तरी काहीतरी मिळवून आणलं. चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघत होते. ते बघणं ठेवून घ्यावं असं फार वाटलं, खोटं कशाला सांगू.

मुन्सफ म्हणाले, “मुला, समोर ये. हे चित्र तू घेतलंस? विचार करून बोल. यावर या लोकांची जागा राहायची की जायची ते ठरणार आहे.”

हो म्हटलं असतं, तर मुनीम बारा वर्षांचा हिशेब विचारणारच होता. नाही म्हटलं असतं, तर मामांची बाजू तिथेच आडवी. मी भागाबाईकडे पाहिलं. ती कुणाकडेच बघत नव्हती. रिकाम्या लुगड्याकडे बघत होती.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी भाताचं खळं घेतलं होतं.”

“काय?”

“मला खळं घ्यायला सांगितलं. मी गावात विचारलं, खळं कुठे. बोंबलाचा वास आला म्हणून मी वरच्या बाजूला गेलो. तिथे खळं दिसलं, भात झोडत होते. शंभर फूट तेच घेतलं. मला माहीतच नव्हतं, की कोळी मासळी सुकवायच्या जागेला खळं म्हणतात. मला हिर्डोशीला एका बाईने सांगितलं. मी मामांपासून लपवलं. पाय तेवढा माझा आहे. पुढचं माझं नाही.”

ठेकेदार मोठ्याने हसला. मामांनी मान खाली घातली. मुन्सफ मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला.

“खळं म्हटल्यावर तुला भातच आठवलं.”

“हो साहेब.”

“मलाही,” ते म्हणाले. मग ते भागाबाईकडे वळले. “बाई, तुमच्यात खळं कशाला म्हणतात?”

“मासली सुकवाची जागा,” ती म्हणाली. आणि तिलाच नवल वाटल्यासारखं, “का? तुमी काय म्हनता?”

चार महिने कज्जा चालला होता. दोन्हीकडून कागद लिहिले गेले, नकाशे आले. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मामांनीसुद्धा नाही, त्यांना अर्थ ठाऊक होता, तो मलाही ठाऊक असणार आणि मुन्सफांना फिल्मच दाखवील, असं ते धरून चालले.

निकालाचं सांगून टाकतो. मुन्सफांनी फिल्म पुराव्यात धरली नाही. “जे कुणी काढलं हे सांगता येत नाही, ते मला पाहता येत नाही,” म्हणाले. पण ते आठ दिवसांत डोलीत बसून, गुडघे चोळत, घाट उतरले आणि स्वतः वाळूत जाऊन उभे राहिले. निवाड्यात त्यांनी ‘मासळी सुकवण्याचे खळे’ अशी पाच-सहा वेळा नोंद केली, चुकून कुणी दुसरं वाचू नये म्हणून. कुंपण निघालं. मी गेल्या खेपेला गेलो तेव्हाही तिथे बोंबील वाळत होते. वास तसाच. मी नाकाला काही लावलं नाही.

फिल्मचं काय? पहिली शंका माझीच — धुलाईवाल्यांकडे अदलाबदल झाली असेल. पण सुरुवातीचा पाय माझा, आणि पाय ते समुद्र यांच्यामध्ये सांधा नाही. मी भिंग घेऊन बघितलं, मामांनी बघितलं, पुढे पुण्याच्या एका जाणकाराने बघितलं. एकसंध फिल्म. कडेला कंपनीची वर्षाची खूण असते, तीही त्याच वर्षाची. त्या किनाऱ्यावर बारा वर्षांपूर्वी कुणी कॅमेरा घेऊन आल्याचं गावात कुणालाच आठवत नाही, होडीत बसून तर नाहीच. आणि मी टिपलेली ती झोडणी कुठे गेली? पाच-सहा माणसं, एवढा भुसा... माझी शंभर फूट मेहनत कुणी ढापली, हेही कळलेलं नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. सगळे उठून गेले. मामा मुन्सफांना पोचवायला खाली उतरले. भागाबाई जागची हलली नाही. धर्मा दाराशी थांबला.

“फोटुवाल्या,” ती म्हणाली, “फिरून लाव ना रं.”

मी रीळ गुंडाळली, पुन्हा लावली. या वेळी मी भिंतीकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. किनारा जवळ यायला लागला तशी ती उठून उभी राहिली. लुगड्याचा ओचा तिने जरा वर धरला... पाय भिजू नयेत म्हणून धरतात तसा. मग भिंत पांढरी झाली.

“सरली?”

“संपली, आय. एवढीच असते.”

ती धर्माकडे वळली. “किती लांब व्हता रं?”

धर्माने भिंतीकडे बघितलं, जसं अजून तिथे काही दिसत होतं. “दोन वाव आसल. फार तं तीन.” म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढं अंतर होतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट.

“दोन वाव,” ती म्हणाली. “लोक बोलं, खोल ज्येला, खोल ज्येला. खोल नाय ज्येला. घराच येत व्हता.”

तिने टोपली उचलली. जिन्यापाशी थांबली आणि मागे वळून मला विचारलं, “तू नाय काडलास. मंग कुनी काडला?”

“मला माहीत नाही, आय,” मी म्हणालो.

“मना म्हायती हाय,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

मला अजून नाही.